परदेशाच्या कायदेशीर वाटा कुठून आल्या?

जानेवारी 1967 मध्ये डॉ. पांडुरंग खानखोजे नागपुरात वारले. वर्ध्याचा हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीत उतरला, मेक्सिकोत शेतीसंशोधक म्हणून नावारूपाला आला आणि उतारवयात इकडे परतला. भारतीय माणसासाठी परदेशाची दारं एकेक करून बंद झाली ती त्यांच्याच हयातीत. कॅनडाने 1908 मध्ये नियम केला: मायदेशातून कुठेही न थांबता, थेट आलेल्यालाच उतरू देऊ. भारतातून तशी बोटच नव्हती. वर्णाचा शब्दही न काढता बंदी घातली गेली. 1914 मध्ये कोमागाटा मारू ही बोट 376 प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला पोचली, दोन महिने बंदरात अडकून पडली आणि बहुतेकांना जमिनीवर पाय न ठेवताच परतावं लागलं. अमेरिकेने 1917 मध्ये आशियाचा मोठा पट्टाच वगळला. 1946 मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला 100 भारतीयांपुरतं.

खानखोजे गेले त्याच वर्षी चित्र पालटलं. तोवर आपल्याकडे पासपोर्ट द्यायचा की नाही, ही सरकारची मर्जी होती. एप्रिल 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. ऑक्टोबरमध्ये कॅनडाने गुणांची पद्धत सुरू केली: 100 पैकी 50 मिळवा, त्यात शिक्षणाला जास्तीत जास्त 20. जन्म कुठला यापेक्षा येतं काय, याला किंमत आली. अमेरिकेनेही 1965 च्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा मोडला होता. नागपूरच्या तेव्हाच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, पहिले इंजिनिअर बाहेर पडत होते ते याच सुमारास. नंतर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन याच वाटेने गेले. आज अर्जात शिक्षण, वय, भाषा, अनुभव हे रकाने दिसतात त्यांचं मूळ इथे आहे.

जन्मस्थळ मात्र पुरतं सुटलं नाही. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाचा वाटा साधारण 7 टक्क्यांपुरता असतो आणि रांग ठरते ती जन्माच्या देशावरून. नागपुरात जन्मलेला माणूस पुढे कॅनडाचा नागरिक झाला, तरी त्याचा नंबर भारताच्याच रांगेत. त्रिमूर्तीनगरातल्या माझ्या ओळखीच्या एक मावशी दर महिन्याला लेकीची ग्रीन कार्डाच्या रांगेतली 'तारीख' कुठवर सरकली ते फोनवर विचारतात. त्या एका प्रश्नामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

गेल्या दिवाळीत शेजारचा मुलगा फाईल घेऊन आला. दहावीची मार्कशीट, पासपोर्टची झेरॉक्स, आणि एका कागदावर पेनाने लिहिलेला आकडा. "काका, एजंट म्हणून राहिला की पाच लाखांत वर्क परमिट पक्कं." कंपनीचं नाव नाही, नोकरीचं पत्र नाही. मी त्याला आधी एकच गोष्ट सांगितली: परमिट एजंट देत नाही, त्या देशाचं सरकार देतं, आणि तेही कायद्यात लिहिलेल्या वाटेनेच. शिक्षण, नोकरी, कुटुंब किंवा जिवाला धोका असेल तर आश्रय. बहुतेक देशांत मुख्य वाटा याच. व्हिजिट व्हिसावर जाऊन 'तिथे बघू' ही वाट यात कुठेच बसत नाही.

आपल्याकडेही यासाठी 1983 चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर, म्हणजे 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' अशी नोंद असते; आखातातल्या देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारी मंजुरी लागते. कमी शिकलेल्या कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून ही अट आहे. कॉलेजात प्रवेश मिळवून देणारे सल्लागार मात्र या कायद्यात येत नाहीत. धरमपेठेत बोर्ड लावून बसलेल्या सल्लागाराकडे मुलाला नेणाऱ्या आईबापांना हा फरक माहीत नसतो, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मुलाने माझ्यासमोरच एजंटाला फोन लावून नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडून फोन कट झाला.