किनारी अभयारण्याचे स्वयंसेवक

समुद्रकिनारा, खाडी, कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) किंवा किनाऱ्यालगतचं उथळ पाणी अशा राखीव वन्यजीव क्षेत्रासाठी पगाराशिवाय, किंवा फार तर थोड्याशा मानधनावर, नेमाने काम करणाऱ्या माणसांना किनारी अभयारण्याचे स्वयंसेवक म्हणतात. यात गावातले कोळी, बागायतदार, बचत गटातल्या बायका अन् शाळेतले मास्तर असतात, तसेच शहरातून सुटी काढून येणारे पक्षीमित्र, कॉलेजची पोरं अन् रिटायर झालेली मंडळीही असतात. काम वनखात्याच्या परवानगीने चालतं, पण एका वनरक्षकाच्या वाट्याला जेवढा किनारा येतो तेवढा त्याने एकट्याने रोज पहाटे पायी फिरणं शक्यच नसतं, म्हणून ही माणसं लागतात.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी या विषयाशी नागपूरचा संबंध वरवरचा नाही. महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस इथेच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 प्रमाणे अभयारण्यात अभ्यासासाठी, फोटोसाठी, पर्यटनासाठी शिरायची परवानगी देण्याचा अधिकार त्यांचा, म्हणजे मालवणचं सागरी अभयारण्य असो, रायगडातलं फणसाड असो की ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, तिथल्या कारभाराची दोरी शेवटी नागपुरात येऊन पोचते. आपल्याकडे वन्यजीव म्हटलं की पेंच, ताडोबा अन् वाघ इतकंच डोळ्यापुढे येतं, पण या शहरातून कासवं अन् रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही सांभाळले जातात हे नागपूरकरांना माहीत असायला पाहिजे.

सुरुवात कुठून झाली

अमेरिकेतलं पहिलं संघीय पक्षी राखीव क्षेत्र किनाऱ्यावरचंच होतं. फ्लोरिडातलं पेलिकन आयलंड 14 मार्च 1903 ला थिओडोर रुझवेल्टनी राखीव केलं. तेव्हा बायकांच्या हॅटवर लावायला पिसं हवी म्हणून बगळे, पेलिकन यांची बेसुमार कत्तल चालली होती अन् त्या बेटाजवळ राहणारा पॉल क्रोगेल नावाचा माणूस सरकारी हुकूम यायच्या आधीपासूनच होडी घेऊन शिकाऱ्यांना हाकलत होता. पुढे त्यालाच रक्षक नेमलं, पगार महिन्याला एक डॉलर, तोही पक्षीप्रेमींच्या संस्थेकडून, सरकारकडून नाही. पुढे तिथे बहुतेक मोठ्या राखीव क्षेत्रांना ‘फ्रेंड्स’ म्हणवणारे स्थानिक गट उभे राहिले, 1998 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला, अन् हे गट पैसे जमवतात, वाटा दुरुस्त करतात, शाळांना फिरवून आणतात.

भारतात अशी चौकट उशिरा अन् विस्कळीत पद्धतीने आली. चेन्नईत 1988 पासून विद्यार्थ्यांचं एक जाळं रात्री किनारा पायी तुडवत कासवांची घरटी शोधतं, दरवर्षी पोरं बदलतात पण चालणं सुरू आहे. ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी मंगळाजोडी गावात जे लोक पक्षी मारून विकायचे तेच पुढे राखणदार झाले, अन् पक्षी कुठे बसतात हे त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नसल्यामुळे राखणही तशीच चोख झाली.

आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण वेळासचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं समुद्री गरुडाची पाहणी करत फिरत होती तेव्हा त्यांना इथे ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी उकरून अंडी नेलेली दिसली. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरलं, घरटी राखायला सुरुवात केली, 2006 पासून कासव महोत्सव भरायला लागला, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले अन् अंडी विकण्यापेक्षा पिल्लं जगवण्यात गावाचा फायदा दिसला. अभयारण्याची पाटी नसतानाही हे झालं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच्या उलट मालवण. 1987 मध्ये सुमारे 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग गाभ्यात घेतला, पण ज्यांचं पोट त्याच पाण्यावर त्या मच्छीमारांना आपल्याला बाहेर काढतील अशी धास्ती बसली अन् विरोध वर्षानुवर्षं टिकला. कागदावर अभयारण्य अन् पाण्यावर अविश्वास अशी स्थिती असली की स्वयंसेवकाला धड उभं राहायलाही जागा मिळत नाही. माझं स्पष्ट मत असं की किनारा राखायचं मूळ काम किनाऱ्यावर राहणाऱ्यांचंच असतं, बाहेरच्यांनी त्यांचं ओझं थोडं हलकं करायचं, अन् ज्या ठिकाणी हा क्रम उलटा झाला तिथे गाडी अडली.

काम नेमकं काय असतं

कोकणात कासवाच्या मादीचा अंडी घालायचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. गावातला कासवमित्र पहाटे उजाडायच्या आत किनाऱ्यावर निघतो, वाळूत मादी वर आल्याच्या अन् परत गेल्याच्या परांच्या, म्हणजे तिच्या वल्ह्यासारख्या पायांच्या, खुणा शोधतो, खुणा जिथे वळतात तिथे काठीने हलकेच दाबून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघतो. सापडलेलं घरटं मडक्याच्या आकाराचं असतं, वर अरुंद अन् खाली फुगीर, आत शंभर-सव्वाशे अंडी. कुत्री, कोल्हे, माणसं किंवा भरतीचं पाणी यांचा धोका असेल तर ही अंडी हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायला राखलेल्या जागेत, हलवतात, अन् तेही लवकर, काही तासांच्या आत, कारण एकदा आतला गर्भ कवचाला चिकटला की अंडं फिरवलं तर तो मरतो. म्हणून अंडी उलटीपालटी न करता बादलीत ठेवायची, मूळ खड्ड्याएवढाच खोल अन् त्याच आकाराचा खड्डा खणायचा, तारीख अन् अंड्यांची संख्या लिहून पाटी लावायची. नंतर 45 ते 60 दिवस वाट बघणं. वाळू गरम राहिली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर, त्यामुळे हॅचरी कुठे बांधली, सावली किती दिली याला फार महत्त्व आहे, अन् जिथे धोका नाही तिथे घरटं जागेवरच जाळी लावून राखलेलं बरं असं आता जाणकार सांगतात.

लोकांना दिसतं ते फक्त शेवटचं, पिल्लं सकाळी अन् संध्याकाळी समुद्राकडे जातात ते. त्या वेळी स्वयंसेवकाचं काम म्हणजे दोरीच्या मागे गर्दी थोपवणं, मोबाईलचे फ्लॅश बंद करायला लावणं अन् लहान मुलांना पिल्लू हातात घेऊ न देणं. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, अंधारात समुद्राचं क्षितिज त्यांना उजळ दिसतं, पण मागे हॉटेलचा हॅलोजन लागला की ती उलटी फिरतात. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या या दहा मिनिटांत एकही वाया जाऊ नये यासाठी एवढा आटापिटा. जानेवारी 2022 मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, तिचं नाव प्रथमा ठेवलं. नंतर गुहागरला टॅग केलेली बागेश्री थेट बंगालच्या उपसागरात गेली, आणि 2021 मध्ये ओडिशात परावर नंबराचा टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही किनारे जोडलेले आहेत हे असं कळलं, अन् टॅग वाचायला पहाटे तिथे माणूस हजर होता म्हणूनच कळलं.

कासवांपलीकडेही भरपूर आहे. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 मध्ये सुरू झाला, त्याच्यासोबत बचत गट, मच्छीमार जोडले गेले. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, खरं म्हणजे हे स्वयंसेवा अन् रोजगार यांच्या मधलं काम आहे अन् ते तसंच असलेलं चांगलं, नुसत्या हौसेवर गाव किती वर्षं काम करणार. डिसेंबर 2018 पासून आणखी एक सोय झाली, जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला अन् मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण त्यासाठी फोटो अन् अर्ज लागतो, अन् फॉर्म भरून द्यायला मदत करणारा स्वयंसेवक इथे फार कामाचा. कचरा उचलण्याची मोहीम सगळ्यांना माहीत आहे, मुंबईत वर्सोव्याला अफरोझ शाह यांनी 2015 मध्ये सुरू केलेली सफाई गाजली अन् 2018 मध्ये तिथे कासवाची पिल्लं दिसली. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये झालं, 2022 मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, तिथे हिवाळ्यापासून मे-जूनपर्यंत रोहित पक्षी मोठ्या संख्येने असतात अन् त्यांची मोजणी हे सवयीच्या डोळ्यांचं काम.

नागपुरातून काय जातं

नागपूरकराकडे एक तयारी आधीपासून असते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचा ‘निसर्गानुभव’ इथली कितीतरी मंडळी घेतात, रात्रभर आवाज न करता, टॉर्च न लावता बसायची सवय तिथेच लागते अन् कासवाच्या किनाऱ्यावर तीच लागते. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, 1987 पासून चालत आलेली, तेव्हा इथले पक्षीमित्र अंबाझरी, गोरेवाडा अन् आसपासच्या तलावांवर दुर्बिणी घेऊन फिरत असतात. तुतवार अन् चिखल्या हे तलावाच्या चिखलात धावणारे पक्षी इथे ओळखता आले की ठाणे खाडीवर अर्धं काम सोपं होतं. त्याच दिवसांत संक्रांतीच्या नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला पोचवायची धावपळ असते, घाबरलेला जखमी जीव कसा धरायचा, किती कमी हाताळायचा हे तिथे शिकायला मिळतं. राज्याने 2020 मध्ये 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला, त्याचं एक टोक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसरं सालिम अलींचा, अन् चितमपल्लींचं नागपूरशी नातं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा या आठवड्यात इथल्या शाळांत समुद्रपक्ष्यांबद्दलही बोललं जावं असं मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र आपल्याला मुळीच येत नाही, ती म्हणजे भरती-ओहोटी. तलावाचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं, अन् रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात जुने लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. भरती चढत गेली की चिखलावर पसरलेले पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, मोजायची वेळ तीच, अन् ओहोटीत गेलेला माणूस दूरवर ठिपके बघून परत येतो. चिखलात किती आत जायचं हेही स्थानिक माणसालाच विचारायचं, स्वतः अंदाज बांधायचा नाही.

वेळासला जायचं ठरवलं तर चिपळूण किंवा खेडला रेल्वेने उतरून पुढे एसटी किंवा गाडी, अन् महोत्सवाच्या काळात गेलात तरी त्या दिवशी पिल्लं निघतीलच याची कोणी खात्री देत नाही, कारण तारीख वाळूच्या उष्णतेवर ठरते. आधी गावात फोन करून घरगुती मुक्काम ठरवावा, अन् ‘काय बघायला मिळेल’ याऐवजी ‘काय काम आहे’ असं विचारावं, उत्तर बऱ्याचदा पाट्या रंगवणं, गर्दीला रांग लावणं, नोंदवही नीट लिहून काढणं असं मिळतं. न जाता करण्यासारखंही आहे, ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर आलेल्या नोंदी तपासणं, मराठीत माहितीपत्रकं लिहिणं, भरपाईचे अर्ज भरायला फोनवर मदत करणं.

कायद्याने एक जागाही ठेवलेली आहे अन् तिचा वापर कमी होतो. कलम 33 ब प्रमाणे अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमायची असते, तिच्यात पंचायतींचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन अन् वन्यजीव संवर्धनात काम करणारे तीन जण असतात. नुसता कचरा उचलत बसण्यापेक्षा गावातल्या अनुभवी माणसाला या समितीत बसवणं जास्त टिकाऊ, मालवणसारख्या ठिकाणी तर फारच.

माणसांची सगळ्यात जास्त ओढाताण पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर या काळात जाळ्यात अडकून पर तुटलेली, थकलेली कासवं लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात, समुद्रात सुटलेली घोस्ट नेट त्यांच्या गळ्यात, परात अडकलेली असतात. तेव्हा पर्यटक नसतो, महोत्सव नसतो, गावातली माणसं शेतीत गुंतलेली असतात. कासव सापडलं तर त्याला लगेच पाण्यात ढकलायचं नसतं, सावलीत ठेवून, ओलं फडकं घालून वनखात्याला कळवायचं अन् डहाणूसारख्या उपचार केंद्रात पोचवायचं. बाहेरून येणाऱ्या हातांची गरज या चार महिन्यांत खरी असते, अन् नागपूरहून जाणाऱ्या गटांनी हंगाम निवडताना मार्चबरोबर जुलैचाही विचार करावा.