मेंदूचे पुनर्प्रशिक्षण आणि अध्ययन अक्षमता : सोलापूर

मेंदूचे पुनर्प्रशिक्षण म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडखळणाऱ्या मुलांकडून नेमका सराव करून घेऊन मेंदूतील संबंधित जोडण्या बळकट करण्याच्या पद्धती. केलर आणि जस्ट या संशोधकांच्या 2009 मधील अभ्यासात 8 ते 10 वर्षांच्या कच्च्या वाचकांना सुमारे 100 तास सघन पाठ दिल्यावर मेंदूच्या श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत, सुधारणा आढळली. मात्र त्या मुलांना वाचनच शिकवले होते. संगणकावरील स्मरणखेळांनी मूल त्या खेळात तरबेज होते, वाचनात त्याचा फारसा उपयोग होत नाही. शरीराच्या हालचालींनी शिकणे सुधारते असा दावा करणाऱ्या 'ब्रेन जिम'च्या व्यायामांनाही भक्कम पुरावा नाही. महागडा क्लास लावण्याआधी पालकांना हे कोणीतरी सांगायला हवे.

डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनाच्या अध्ययन अक्षमतेसाठी, ध्वनी, अक्षर आणि हाताची हालचाल एकत्र बांधणारे क्रमवार शिक्षण दिले जाते. 1930 च्या दशकातील ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत हा त्याचा एक पाया. देवनागरीतल्या अडचणी वेगळ्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. कर्म, चक्र, ट्रक, सुऱ्या यांत 'र' दर वेळी रूप बदलतो. घ-ध, भ-म यांची गल्लत तर नेहमीचीच. म्हणून आधी टाळ्या वाजवत शब्द तोडायचा, मग अक्षर मोठ्याने म्हणत वाळूत किंवा पाटीवर गिरवायचे आणि एक जोडाक्षर पक्के झाल्यावरच पुढचे घ्यायचे.

सोलापुरात खरी कसोटी निदानाची असते. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी घरांत उर्दू बोलली जाते. मराठी शाळेतले असे मूल भाषा नवी म्हणूनही अडखळते. त्याला 'ढ' ठरवणे अन्यायाचे, आणि अक्षमतेचा शिक्का घाईने मारणेही तितकेच. घरच्या भाषेतही शब्दाचा पहिला ध्वनी वेगळा काढता येत नसेल, यमक ओळखता येत नसेल, तर तपासणी करावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची डिस्लेक्सिया ओळखण्याची 'डाली' चाचणी मराठी व कन्नडमध्येही आहे.

आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर पाळीला असतात. अशा घरांवर सराव सोपवला तर तो होत नाही. तो शाळेच्या वेळेतच, रोज, लहान गटात घ्यावा लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.