व्हिडिओ पोलीसपट

चित्रपटगृहात न लावता थेट कॅसेटवर किंवा तबकडीवर विकण्यासाठी वा भाड्याने देण्यासाठी काढलेल्या, पोलीस नायक असलेल्या कमी खर्चाच्या मारधाडपटाला व्हिडिओ पोलीसपट म्हणता येईल. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस ही व्हिडिओ कॅसेटची पद्धत बाजारात आणली. पुढच्या दशकात अमेरिकेत कॅसेटची दुकाने इतकी वाढली की मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांनी त्यांच्या फळ्या भरेनात, आणि ती जागा अशा चित्रपटांनी घेतली. जपानमध्ये तोएई कंपनीने १९८९ मध्ये ‘व्ही-सिनेमा’ या नावाने खास व्हिडिओसाठी चित्रपट काढण्यास सुरुवात केली. त्यांतला पहिला, ‘क्राइम हंटर’, साथीदाराच्या खुनाचा सूड घेणाऱ्या पोलिसाचाच होता.

नायक पोलीसच का, याचे उत्तर बरेचसे हिशोबाच्या वहीत सापडते. गणवेश अंगावर चढला की पात्राची ओळख करून देण्याचे दोन-तीन प्रसंग वाचतात. पाठलागाला रस्ता फुकट मिळतो आणि शेवटच्या चकमकीला एखादे बंद गोदाम पुरते. गिऱ्हाईक वेष्टनावरचे चित्र पाहून कॅसेट उचलत असल्याने पिस्तूल, मोटार आणि ज्वाळा वेष्टनावर असणे अटळ होते, मग त्या ज्वाळा चित्रपटात असोत वा नसोत.

काटकसरीच्या खुणा पडद्यावर कशा उमटतात, हे अमीर शेरवान दिग्दर्शित ‘समुराई कॉप’ (१९९१) या अमेरिकी चित्रपटात स्पष्ट दिसते. दिव्यांचा खर्च टाळण्यासाठी त्याचे चित्रीकरण दिवसाउजेडी झाले. चित्रीकरण संपले असे समजून नायकाने केस कापले आणि नंतर राहिलेल्या प्रसंगांसाठी त्याला केसांचा टोप घालावा लागला. त्यामुळे एकाच मारामारीत त्याचे केस बदलताना दिसतात. आज हा चित्रपट आवडीने पाहिला जातो तो मुख्यतः अशा चुकांसाठी, आणि ती आवड थोडी निर्दयही आहे.

नागपूरचा प्रेक्षक या प्रकाराकडे वेगळ्या वाटेने आला. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने मिळू लागला, आणि वस्तीतल्या घरात वर्गणी काढून रात्रभरात तीन चित्रपट पाहण्याची पद्धत पडली. मात्र चित्रपट-वितरणात आजही ‘सीपी-बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) या जुन्या प्रांतनावाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात मागणी होती ती हिंदी चित्रपटांची. त्यांच्या चोरट्या प्रती स्वस्तात मिळत असताना स्थानिक पोलीसपटात पैसा घालणे शहाणपणाचे नव्हते. कॅमेरा हाताळणाऱ्यांना लग्नाच्या चित्रीकरणात खात्रीचे काम होते आणि नटांना पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम होता. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा किमतीत चढाओढ करण्याचीही सोय उरली नाही.

कायद्याच्या दृष्टीने व्हिडिओ चित्रपट मोकळा नाही. कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये घातलेल्या कलम ५२ अ नुसार कॅसेटवर व तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता देणे, तसेच जिथे लागू असेल तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखवणे बंधनकारक आहे. लोकसेवकाचा गणवेश फसवणुकीच्या हेतूने घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. अभिनयात तो हेतू नसतो. तरीही नकली पिस्तूल घेऊन रस्त्यावर धावण्यापूर्वी जवळच्या ठाण्यात कळवलेले बरे, कारण बघ्यांना कॅमेरा दिसेलच असे नाही.

नागपुरात असा चित्रपट करणाऱ्याला उन्हाचा वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. अशा वेळी पोलिसी टोपीच्या पुढच्या झापेची सावली नेमकी नटाच्या डोळ्यांवर पडते. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याला लख्ख ऊन आणि गडद सावली एकाच वेळी पेलत नाही, त्यामुळे खाकी फिकट पडते आणि चेहरा काळवंडतो. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे चेहऱ्याखाली पांढरा थर्माकोल धरून ऊन परतवणे, नाहीतर नायकाची टोपी पहिल्याच झटापटीत पाडणे.