वेस्टर्न चित्रपट : जुन्या काउबॉयपटांची ओढ

वेस्टर्न हा अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील, म्हणजे नव्याने वसत चाललेल्या प्रदेशातील जीवनावर, प्रामुख्याने १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यापासून १८९० च्या सुमारापर्यंतच्या काळावर बेतलेला चित्रपटप्रकार आहे. आपल्याकडे बोलताना त्याला सर्रास ‘काउबॉयचे पिक्चर’ म्हटले जाते. १९३९ ते १९७० या काळात निघालेले वेस्टर्नपट आजही पुन्हापुन्हा का पाहिले जातात, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

ज्या काळाविषयी हे चित्रपट बोलतात तो काळ फार थोडा टिकला. टेक्सासमधील गुरांचे कळप शेकडो किलोमीटर हाकत कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत नेणे, हे काउबॉयचे खरे काम जेमतेम वीस वर्षे जोमाने चालले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करू इच्छिणाऱ्यांना १६० एकर जमीन मिळू लागली, १८६९ मध्ये पूर्व आणि पश्चिम किनारे रेल्वेने जोडले गेले आणि १८७४ मध्ये काटेरी तारेच्या एका सुधारित प्रकाराला पेटंट मिळाल्यावर मोकळ्या कुरणांना भराभर कुंपणे पडली. कुरण मोकळे राहावे असे वाटणारा गुरांचा मालक आणि कुंपण घालून शेती करू पाहणारा कुटुंबवत्सल शेतकरी यांच्यातला झगडा हा ‘शेन’सारख्या (१९५३) चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो इतिहासातून सरळ उचललेला आहे. पडद्यावरचा पश्चिम मात्र खऱ्या पश्चिमेपेक्षा कितीतरी अधिक वर्षे जगला. बफेलो बिल कोडीने १८८३ मध्येच घोडेस्वार आणि नेमबाज घेऊन ‘वाइल्ड वेस्ट’चे खेळ सुरू केले होते. म्हणजे सरहद्द अस्तित्वात असतानाच तिचा देखावा झाला होता.

एडविन पोर्टरच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या सुमारे बारा मिनिटांच्या मूकपटापासून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. हा पट मुख्यतः पूर्वेकडील न्यू जर्सी राज्यात चित्रित झाला होता. पुढील तीन दशकांत स्वस्तात काढलेले असंख्य काउबॉयपट आले, गाणारे काउबॉयही आले, परंतु त्यांतील फार थोडे आज पाहवतात.

खरे वळण दिग्दर्शक जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ने (१९३९) दिले. अॅरिझोना आणि युटा यांच्या सीमेवर, नावाहो या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीत असलेल्या मॉन्युमेंट व्हॅलीत फोर्ड या चित्रपटासाठी पहिल्यांदा गेला. तेथे वालुकाश्माचे तांबूस कडे आणि सुळके सपाट जमिनीतून एकदम वर येतात, काही सुमारे ३०० मीटर उंच आहेत. त्यांच्या पायथ्याशी धुरळा उडवत जाणारी घोडागाडी मुंगीएवढी दिसते. माणसाचा एकटेपणा सांगायला येथे संवादाची गरज उरत नाही, तो एका चौकटीत मावतो. फोर्ड पुढे याच खोऱ्यात वारंवार परतला. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) मधील टूमस्टोन हे गाव प्रत्यक्षात अॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला आहे आणि ‘द सर्चर्स’ची (१९५६) कथा टेक्सासमध्ये घडते, तरी दोन्ही चित्रपटांत आपल्याला तेच सुळके दिसतात. भूगोल म्हणून हे चुकीचे आहे, पण फोर्डला हवी होती ती माणसाचे मोजमाप करणारी भूमी, नकाशावरची जागा नव्हे. ‘द सर्चर्स’ व्हिस्टाव्हिजन पद्धतीने, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकवून मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर टिपलेला असल्यामुळे त्यातील दूरच्या क्षितिजावरचा घोडेस्वारही स्पष्ट राहतो. हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याचा योग आला तर तो सोडू नये.

भूमीइतकेच महत्त्व आहे ते निर्णयाला. वेस्टर्नमधील गाव बहुधा अशा टप्प्यावर असते की तेथे कायद्याची पाटी लागलेली आहे, पण कायदा राबवणारी यंत्रणा अजून पोचलेली नाही. त्यामुळे न्याय कोणी करायचा हा प्रश्न एका माणसाच्या दारात येऊन उभा राहतो. फ्रेड झिनेमनच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) हे सर्वांत कठोरपणे दिसते. मार्शल, म्हणजे गावाचा पोलीस अधिकारी, विल केन याचे नुकतेच लग्न झाले आहे, त्याने पद सोडले आहे आणि त्याने तुरुंगात पाठवलेला गुन्हेगार सुटून बाराच्या गाडीने परत येत आहे. केन गावात राहतो आणि मदत मागायला मित्राच्या घरी, गुत्त्यात, चर्चमध्ये जातो. प्रत्येक ठिकाणी त्याला न येण्याचे एक समंजस कारण ऐकायला मिळते. चित्रपटाची लांबी सुमारे ८५ मिनिटांची आहे आणि कथेतला वेळही जवळजवळ तेवढाच आहे. भिंतीवरची घड्याळे आणि रुळांच्या टोकाशी दिसणारे रिकामे क्षितिज यांचे संकलन इतके नेमके आहे की गोळीबार सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षक दमतो. पटकथाकार कार्ल फोरमन याला त्याच काळात कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले आणि नंतर त्याला हॉलिवुडमध्ये काम मिळेनासे झाले. पाठ फिरवणाऱ्या शेजाऱ्यांची ही कथा त्यामुळे अधिक बोचते.

असा चित्रपट दुसऱ्यांदा, दहाव्यांदा का पाहिला जातो? शेवट ठाऊक असल्याने उत्कंठा तर संपलेली असते. प्रस्तुत लेखकाच्या मते उत्कंठा संपल्यावरच खरे पाहणे सुरू होते. मग लक्ष जाते ते केनची भूमिका करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या गॅरी कूपरच्या चेहऱ्यावरील थकव्याकडे, मृत्युपत्र लिहिताना वाकलेल्या त्याच्या मानेकडे, मोकळ्या रस्त्यावरच्या त्याच्या चालीकडे. ‘स्टेजकोच’ आणि ‘द सर्चर्स’चा नायक जॉन वेन याच्या चालण्याविषयीही हेच म्हणता येईल. या नटांनी बोलणे कमी ठेवले आणि शरीराला बोलू दिले, म्हणून भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकालाही ते परके वाटले नाहीत.

या आकर्षणाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून हे चित्रपट पाहता येत नाहीत. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लकोटा या मूळ रहिवासी जमातीतील स्त्रीपुरुष आणि मुले मारली. पडद्यावर मात्र दीर्घकाळ हल्लेखोर म्हणून मूळ रहिवासीच दाखवले गेले. फोर्डच्या चित्रपटांत नावाहो लोकांनी कधी अपाची, कधी कमांची अशा दुसऱ्या जमातींचे लोक म्हणून काम केले. प्रत्यक्षातील काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मोठ्या संख्येने होते, तेही पडद्यावरून जवळपास गायब झाले. ‘द सर्चर्स’ येथे वेगळा ठरतो, कारण त्याने हा द्वेषच कथेचा विषय केला. कमांचींनी पळवलेल्या पुतणीला अनेक वर्षे शोधणारा ईथन तिला सोडवण्यापेक्षा ठार मारण्याच्या विचाराने झपाटलेला आहे. शेवटी तो तिला उचलून घरी आणतो. सगळे आत जातात, तो उंबरठ्याबाहेरच राहतो आणि दार बंद होते.

१९६४ पासून इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने याने स्पेनच्या अल्मेरिया भागातील रुक्ष प्रदेशात चित्रीकरण करून आणि एन्नियो मोरिकोनेच्या संगीताला जवळजवळ पात्राचे स्थान देऊन या प्रकाराचा नूर पालटला. त्याचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या ‘योजिंबो’वर बेतलेला होता. कुरोसावाच्याच ‘सेव्हन सामुराई’वरून हॉलिवुडने १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला होता.

भारतात या परंपरेची सर्वांत ठळक खूण म्हणजे रमेश सिप्पी यांचा ‘शोले’ (१९७५). भाडोत्री लढवय्ये आणि डाकूंनी गांजलेले गाव ही त्याची मांडणी याच घराण्यातली आहे. मॉन्युमेंट व्हॅलीचे काम येथे बंगळूरजवळील रामनगरच्या खडकाळ टेकड्यांनी केले. आगगाडीवरील हल्ल्याचे दृश्य पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर सुमारे सात आठवडे चित्रित होत होते, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ चालला. तेथे तो पुन्हापुन्हा पाहायला येणाऱ्यांना संवाद तोंडपाठ झाले होते.