ऐच्छिक सिंटॅक्स-सवलती (संगणक प्रोग्रामिंग)

एखादी गोष्ट पूर्ण लिहिण्याची रीत ठरलेली असतानाही ती काही चिन्हे गाळून किंवा आखूड रूपात लिहिण्याची मुभा अनेक प्रोग्रामिंग भाषा देतात. ओळीअखेरचा अर्धविराम न देणे, 'इफ'नंतर (म्हणजे अट घालणाऱ्या शब्दानंतर) एकच विधान असेल तर महिरपी कंस सोडून देणे, फंक्शन वापरताना कंस टाळणे, व्हेरिएबलचा (मूल्य साठवणाऱ्या नावाचा) प्रकार न सांगणे ही अशा सवलतींची नेहमीची रूपे. त्यांवर बंधन घालावे की नाही, हा वाद भाषा घडवणाऱ्यांत आणि वापरणाऱ्यांत जुना आहे.

संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली 'सिंटॅक्टिक शुगर' (लिहिणे-वाचणे सोपे व्हावे म्हणून दिलेले रूप) ही संज्ञा इथे सरसकट वापरली जाते, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. काही आखूड रूपे नुसती सोयीची असतात. एखाद्या संख्येत एक मिळवण्यासाठी दोन अधिक चिन्हे लिहिली, तरी कंपायलरला (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) अंदाज बांधावा लागत नाही. गाळलेल्या चिन्हाचे तसे नाही. लेखकाने जे लिहिले नाही ते भाषा आपल्या नियमाने भरून घेते, आणि तो नियम वाचणाऱ्याच्या समजुतीशी जुळेलच असे नाही. खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे.

जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न' लिहून त्याच्या पुढच्या ओळीवर ऑब्जेक्टचा (एकत्र बांधलेल्या माहितीचा) महिरपी कंस उघडला, तर भाषा 'रिटर्न'नंतर स्वतःच अर्धविराम धरते. फंक्शन काहीच परत देत नाही आणि बऱ्याचदा त्रुटीचा संदेशही येत नाही. जुन्या फोरट्रानमध्ये घोषित न केलेल्या नावाचे पहिले अक्षर 'आय' ते 'एन' यांपैकी असेल तर ते पूर्णांक, नाहीतर वास्तव संख्या, असे गृहीत धरले जाई. त्यामुळे नाव लिहिताना एक अक्षर चुकले की गुपचूप नवेच व्हेरिएबल तयार होई. 'इंप्लिसिट नन' लिहून ही सवलत बंद करण्याची सोय फोरट्रान ९० च्या मानकात आली. ती आजही प्रोग्रामरने स्वतः मागावी लागते.

सर्वांत गाजलेले उदाहरण फेब्रुवारी २०१४ मधले. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या, सी भाषेतल्या कोडमध्ये 'गोटू फेल' (फंक्शनच्या शेवटच्या 'फेल' भागाकडे उडी मारा) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. वरच्या 'इफ'ला कंस नव्हते, म्हणून पहिली ओळ अटीखाली राहिली आणि दुसरी विनाअट चालू लागली. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या असल्याने नजरेला फसवणूक कळत नव्हती. डिजिटल सहीची तपासणी पुरी न होताच फंक्शन यश कळवून मोकळे होई. कंस असते तर दुसरी ओळ बहुधा निरुपद्रवी ठरली असती. जीसीसी या कंपायलरच्या ६ व्या आवृत्तीपासून अशा फसव्या मांडणीचा इशारा कंपायलरच देऊ शकतो.

बंधन कुठे घालायचे, याची उत्तरे भाषेगणिक वेगळी आहेत. गो आणि रस्ट यांनी 'इफ'चे गोल कंस ऐच्छिक केले, पण महिरपी कंस सक्तीचे ठेवले. अदलाबदल शहाणपणाची वाटते. स्कालाने २.१० आवृत्तीपासून काही सवलती वापरायच्या तर कोडमध्ये आयातीची (इम्पोर्टची) ओळ लिहून तसे सांगावे, नाहीतर इशारा मिळेल, असा मधला मार्ग काढला. मिस्रा सीसारखे नियमसंच भाषेला हात न लावता सक्ती करतात आणि ईएसलिंटसारखी लिंटर साधने (कोडमधले दोष शोधणारी) तेच काम प्रकल्पापुरते करतात. दिलेली सवलत काढून घेणे मात्र महागात पडते. स्विफ्ट ३ ने २०१६ मध्ये दोन अधिक आणि दोन उणे चिन्हांची आखूड रूपे रद्द केली, तेव्हा चालू कोड बदलावा लागला; आणि ती रूपे तर पहिल्या, निरुपद्रवी गटाच्या बरीच जवळची होती.

कंस नसणे हाच दोष, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. पायथनमध्ये गट दाखवणारे कंस नाहीतच. ओळ किती आत सरकवली यावरूनच अर्थ ठरतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी मांडणी आणि यंत्राला कळणारी मांडणी सहसा एकच असते. त्यांच्यात फट पडण्याची एक जागा उरली होती, ती टॅब आणि स्पेस यांच्या सरमिसळीची. पायथन २ टॅबची रुंदी गृहीत धरून अशी सरमिसळ चालवून घेई. पायथन ३ मध्ये टॅबच्या रुंदीवर अर्थ अवलंबून राहील अशी मांडणी त्रुटी ठरते.