‘जरा लक्ष ठेव हं’

पुण्यात नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत परवा तासभर बसलो होतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी लॅपटॉप, चार्जिंगला लावलेला मोबाइल, नोट्स, सगळं तसंच टाकून चहाला निघाली. पलीकडच्या मुलाला एवढंच म्हणाली, "जरा लक्ष ठेव हं." त्या दोघांची ओळख टेबलापुरतीच. थोड्या वेळाने टपरीवर ती भेटली, तेव्हा मी विचारलं, "बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की जपूनच राहावं लागतं?" हातातला ग्लास खाली न ठेवताच ती म्हणाली, "जपूनच राहावं लागतं, सर."

हा प्रश्न माझा नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात तो १९७२ पासून विचारला जातोय. १९८१ मध्ये सुरू झालेलं जागतिक मूल्य सर्वेक्षणही तो देशोदेशी विचारतं. ‘तरुणांचा माणसांवर विश्वास उरला नाही’ अशा बातम्या बऱ्याचदा या एकाच प्रश्नावर उभ्या असतात. मग ती मुलगी खोटं बोलली का? मुळीच नाही. गोम आहे ‘बहुतेक लोक’ या दोन शब्दांत.

ते ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे नातेवाईक आणि गाववाले येतात, तर कुणाच्या डोळ्यांपुढे स्वारगेटची गर्दी. म्हणून जागतिक सर्वेक्षणात पुढे वेगवेगळे प्रश्न आले: कुटुंबावर किती विश्वास? शेजाऱ्यांवर? पहिल्यांदाच भेटलेल्या माणसावर? दुसऱ्या धर्माच्या माणसावर? या उत्तरांवरून २०११ मध्ये संशोधकांनी विश्वासाचं वर्तुळ किती मोठं आहे ते मोजलं. चीनमध्ये ‘बहुतेकांवर विश्वास आहे’ म्हणणारे पुष्कळ, पण त्यांचं वर्तुळ लहान, ओळखीच्यांपुरतं निघालं. त्याआधी, २००० मध्ये, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात खरे पैसे दुसऱ्याच्या हाती सोपवायचे होते. कोण सोपवेल, हे या जुन्या प्रश्नाच्या उत्तरावरून कळेना. कोण प्रामाणिकपणे परत करेल, याचा अंदाज मात्र थोडाफार येत होता! मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. माणूस काय म्हणतो आणि काय करतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

राजकीय विश्वासाचंही तसंच. ‘सरकारवर विश्वास आहे का?’ असं मोघम विचारलं तर तलाठी, पोलिस चौकी, न्यायालय, निवडणूक आयोग यांतलं नेमकं कोण मनात आहे, हे समजत नाही. एकेक संस्था वेगळी विचारली की फरक दिसतो. भारतातल्या अशा पाहण्यांत लष्कर वर आणि राजकीय पक्ष तळाशी, हे चित्र वारंवार दिसतं.

पाहणी कधी केली, यानेही फरक पडतो. ११ मार्च २०२१ रोजी एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली आणि शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी उतरले. त्या आठवड्यात तिथे फॉर्म भरून घेतले असते, तर उत्तरांत तो राग उमटलाच असता. तो वयाचा परिणाम, त्या पिढीचा, की त्या दिवसांचा? एकाच पाहणीतून हे वेगळं काढता येत नाही. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं विचारत राहावं लागतं.

आणि मुळात विचारायचं कुणाला? नीट निवडलेली हजार माणसं असली तर टक्केवारीत साधारण तीनचा फरक धरून चालतो, मग शहर पुण्याएवढं असो की मुंबईएवढं. अडचण ‘नीट निवडलेली’ इथे येते. आपल्याकडे लोकनीती या जनमताचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या पाहण्यांत नावं बहुधा मतदार यादीतून काढतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या परभणीच्या मुलाचं नाव पुण्याच्या यादीत नसतं. ते असतं गावच्या यादीत. तिथे नाव निघालं आणि पाहणी करणारा दारात पोचला, तर आई सांगते, "तो पुण्याला असतो अभ्यासाला, दिवाळीला येईल." फॉर्मवर ‘घरी नाही’ अशी खूण होते आणि पाहणी करणारा पुढच्या दाराकडे वळतो.