फ्रेजल व्हर्ब : एका नावाचा गुंता

क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द जोडून निराळा अर्थ काढण्याची इंग्रजीची रीत जुनी आहे. जुन्या इंग्रजीत हे शब्द बरेचदा उपसर्गासारखे क्रियापदाच्या आधी येत. मध्ययुगात ते हळूहळू मागे गेले. परकीयांना याच जोड्या सर्वाधिक अडवतात, अशी नोंद १७५५च्या एका कोशाच्या प्रस्तावनेत आहे. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र १९२५च्या एका ग्रंथानंतर रूढ होऊ लागले.

वाद आहे तो या नावाखाली काय काय घ्यावे, याचा. 'लुक अप द वर्ड' म्हटले काय किंवा 'लुक द वर्ड अप' म्हटले काय, दोन्ही चालते. पण कर्म सर्वनाम असेल, तर 'लुक इट अप' एवढेच बरोबर ठरते. याउलट 'लुक आफ्टर द चाइल्ड' या रचनेतले 'आफ्टर' जागचे हलत नाही, कारण ते शब्दयोगी अव्ययाचे काम करते. म्हणून विस्तृत व्याकरणग्रंथ, विशेषतः रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचा १९८५चा इंग्रजी व्याकरणाचा ग्रंथ, या दोन जाती वेगळ्या मानतात, तर परीक्षेची मार्गदर्शके दोन्ही एकाच यादीत घालतात. अर्थ दोन्हींचा पाठच करावा लागतो, हे यादीवाल्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तरीही कर्म कुठे ठेवायचे हा नियम त्या यादीत हरवतो आणि 'पिक अप हिम' अशी वाक्ये निर्वेधपणे लिहिली जातात.

मुंबईत १८५७ मध्ये विद्यापीठ आले, तेव्हापासून इंग्रजी मुख्यतः ग्रंथांतून शिकली गेली. त्यामुळे 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन' जवळचे वाटणे स्वाभाविक होते. या जोड्या बोलण्यात मुरल्या त्या कचेऱ्यांतून आणि रस्त्यावरून. सरकारी कार्यालयात फाईल 'पुट अप' होते, म्हणजे वरिष्ठांपुढे सादर होते, आणि लोकलमधून दादरला उतरणारा इंग्रजीत सहज 'गेट डाउन' म्हणतो, जिथे इंग्लंडमधला माणूस 'गेट ऑफ' म्हणेल. राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आली. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आजही या जोड्या वर्णानुक्रमे, समोर मराठी अर्थ देऊन छापलेल्या दिसतात; कर्माच्या जागेसाठी त्यांत बहुधा वेगळा रकाना नसतो.